मार्कंडावरचा पूल

चंदीगडच्या सेक्टर ३९ मधल्या त्या तळमजल्यावरच्या घरात दर रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलाचं विमान होत असे. लोणच्याच्या बरण्या आणि मिठाची डबी फ्रिजवर जाई, त्यांच्या जागी जॉयस्टिक येई, आणि समोरच्या भिंतीवरच्या टीव्हीत दोन इंजिनांची जुनी डकोटा घरघरत उभी राही. डाव्या खुर्चीत विंग कमांडर (निवृत्त) विश्वनाथ देवस्थळी, उजव्या खुर्चीत त्यांच्या पत्नी शुभदाबाई, दोघांच्या कानांवर हेडफोन. कामवाल्या बाईने हे दृश्य पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती झाडू हातात धरून तशीच परत फिरली आणि शेजारी सांगून आली की बाबूजी आणि माताजी दोघंही एकदमच गेले, म्हणजे डोक्याने.

शिवालिक व्हिंटेज रॅली ही स्पर्धा नव्हती. ग्रुप कॅप्टन ढिल्लों दर रविवारी सुरुवातीलाच तसं बजावून सांगत, आणि त्यांचं सांगून झालं की सगळे दातओठ खाऊन स्पर्धेला लागत. चंदीगड, पंचकुला, मोहालीतली ही निवृत्त मंडळी आपापल्या घरी, आपापल्या कॉम्प्युटरवर बसून इंटरनेटवरून एकत्र उडत. विमान चालवणाऱ्यापेक्षा विमान वयाने मोठं असलं पाहिजे, हा ढिल्लोंसाहेबांचा पहिला नियम. त्यामुळे सगळ्या टायगर मॉथ, हार्वर्ड आणि डकोटा. दुसरा नियम असा की वाट दाखवणारी कुठलीही आधुनिक रेघ स्क्रीनवर चालणार नाही. एकाने विमान चालवायचं आणि दुसऱ्याने मांडीवर कागदाचा नकाशा घेऊन, खालची नदी, कालवा, गिरणीचं धुराडं बघत वाट सांगायची. किती वेळात पोचू ते आधी जाहीर करायचं, आणि जो आपल्या शब्दाच्या सर्वांत जवळ उतरेल तो पहिला. जो हरवेल त्याने पुढच्या रविवारी सगळ्यांना छोले-भटुरे घालायचे.

तिसरा नियम शुभदाबाईंना सर्वांत प्रिय होता. विमान हवेत असेपर्यंत नवरा-बायको, भाऊ-बहीण असली नाती बंद. फक्त कॅप्टन आणि नॅव्हिगेटर.

त्यामुळे चाकं जमिनीवरून उचलली गेली की विश्वनाथराव घसा साफ करून म्हणत, "बोला, नॅव्हिगेटर."

लग्नाला चार तपं होत आली होती. जोरहाट, आग्रा, बंगळूर, पुन्हा जोरहाट, मग चंदीगड. इतक्या बदल्यांमध्ये, इतक्या ट्रंकांमध्ये, विश्वनाथरावांनी बायकोला जे काही विचारलं ते बहुतेक 'माझा चष्मा कुठे आहे' या स्वरूपाचं होतं. तेही 'अगं' म्हणून. शुभदाबाई मिरजेच्या. जिथे बदली होईल तिथल्या शाळेत त्यांनी भूगोल शिकवला. फळ्यावर एका दमात, खडू न उचलता, भारताचा किनारा काढत. घरात मात्र त्यांना वाट कोणी कधी विचारली नव्हती. सहलीला गाडी चुकून भलत्याच गावात शिरली तरी विश्वनाथराव म्हणत, "माझ्या लक्षात आहे सगळं," आणि ते गाव संपेपर्यंत तेच म्हणत राहत.

आणि आता हा माणूस 'बोला' म्हणून गप्प बसे. त्या सांगतील तिकडे वळे. 'डावीकडे पाच अंश' म्हटलं की डावीकडे पाच अंश. शुभदाबाईंना पहिल्या रविवारी रात्रभर झोप आली नव्हती, इतकी मजा वाटली होती.

अडचण एवढीच होती की शुभदाबाईंना नकाशा दिसत नव्हता.

डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता. कडेचं सगळं शाबूत, फक्त जिथे बघावं तिथे काही नाही. भिंतीवर घड्याळ पाहावं तर चौकट दिसे, काटे गायब. विश्वनाथरावांकडे सरळ पाहावं तर दोन कान दिसत, मधला माणूस गायब. इतक्या वर्षांच्या संसारात चेहरा तसा पाठ झालेला असतो, त्यामुळे रोजच्या व्यवहारात फारसं अडत नव्हतं. स्वयंपाकघर हाताला माहीत होतं. पेपर विश्वनाथराव स्वतःच मोठ्याने वाचून त्यावर चिडत, त्यामुळे बातम्या आणि त्यावरचं मत दोन्ही आयतं मिळे.

हे ठाऊक होतं फक्त चित्राला. डॉक्टर चित्रा नागपूरची. इथल्या मोठ्या सरकारी इस्पितळात डोळ्यांच्या विभागात. तिनेच तपासलं होतं आणि तिनेच सांगितलं होतं की ह्या प्रकाराला इंजेक्शन नाही, ऑपरेशन नाही.

"पण कडेची नजर राहील," ती म्हणाली होती. "एखादी गोष्ट बघायची असेल ना ताई, तर तिच्याकडे बघू नका. थोडं बाजूला बघा. मग ती दिसते."

"म्हणजे ह्यांना बघायचं असेल तर फ्रिजकडे बघायचं."

"हो. सवय होते."

"ह्यांनी आयुष्यभर तेच केलंय. मला कुठे जड जाणार."

चित्रा हसली नव्हती. ती दर गुरुवारी दुपारी येई. विश्वनाथरावांना सांगितलं होतं की भिशी आहे. ह्या भिशीत सभासद दोनच होते. आतल्या खोलीत दार लोटून चित्रा येत्या रविवारचा नकाशा वाचून दाखवी आणि शुभदाबाई डोळे मिटून तो पाठ करत. अमुक नदी, मग डाव्या हाताला तमुक गाव, मग पाण्याची टाकी, मग कालवा. पाढ्यासारखं.

"तुम्ही सांगत काहून नाही त्यांना?" चित्रा दर गुरुवारी विचारी. "वाईट माणूस आहे का तो?"

"चांगला आहे. म्हणून तर."

ह्याचा अर्थ चित्राला कळला नाही, कारण ती तेव्हा शाळेत असेल. विश्वनाथराव पन्नाशीला आले असताना वार्षिक तपासणीत त्यांच्या हृदयात कसलासा आवाज सापडला आणि उड्डाण बंद झालं. त्यांचा वरिष्ठ भला माणूस होता. घरी बसवायला त्याचं मन होईना. त्याने ब्रीफिंगच्या खोलीत एक खुर्ची दिली. म्हणाला, सर, पोरांना तुमच्या सल्ल्याची गरज आहे. लेहच्या वाटेवरचे तरुण वैमानिक येत, अदबीने प्रश्न विचारत, मान डोलावून ऐकत, आणि बाहेर जाऊन जे करायचं तेच करत. विश्वनाथरावांना हे कळायला काही दिवस लागले. कळलं त्या दिवशी ते दुपारीच घरी आले, टोपी टेबलावर ठेवली, आणि इतक्या वर्षांत एकदाच शुभदाबाईंशी मनातलं बोलले.

"काढून टाकलं असतं तर चाललं असतं गं," ते म्हणाले होते. "मान डोलावतात माझ्यापुढे."

त्यानंतर वर्षभर हा माणूस जेवताना ताटाशी बोलत असे. शुभदाबाईंनी ते वर्ष पाहिलं होतं. त्यांना उजव्या खुर्चीतून उठायचं नव्हतं, आणि उठायचंच नाही म्हणून कोणी बसवून ठेवलेलंही नको होतं. त्यांना खरोखर वाट सांगायची होती. पाठ करून का होईना, पण वाट खरी होती, विमान तिच्यावरून जात होतं, आणि विश्वनाथराव तिच्यावर विसंबून होते. एवढं पुरे होतं.

पहिले दोन रविवार छान गेले. तिसऱ्यापासून तर आणखीच छान. कारण तिसऱ्या रविवारी, उड्डाणाच्या मध्येच कधीतरी, विश्वनाथराव बोलायला लागले. आधी ते हवेत फक्त कामापुरतं बोलत. आता खाली दिसेल ते सगळं मोठ्याने सांगू लागले. "हां, नदी आली. कोरडी आहे. पलीकडे कालवा. आता कालव्यावरून जातोय." शुभदाबाईंना पाठ केलेलं कुठून म्हणायचं ते त्यामुळे बरोबर कळे. आणि त्यापेक्षाही, नवऱ्याला या वयात आपल्याशी बोलावंसं वाटतंय, याचं त्यांना नवल वाटे. त्यांनी चित्राला तसं सांगितलंही.

"बघ, माणूस बदलतो."

"हं," चित्रा म्हणाली होती, आणि पुढचं गाव वाचायला लागली होती.

शेवटचा टप्पा होता पिंजौर ते सरसावा. शिवालिकच्या पायथ्याने आग्नेयेला. डोंगर डाव्या हाताला ठेवायचे. घग्गर ओलांडली की नारायणगढ, मग मार्कंडा नदी, डाव्या हाताला साढौरा, उजव्या हाताला यमुनानगरची धुराडी, मग यमुना आणि पलीकडे सरसावा. शुभदाबाईंचा हा पाढा चोख होता. एकूण गुणांत देवस्थळी दुसरे होते. पहिले होते डेराबस्सीच्या औषध कारखान्यातून निवृत्त झालेले राजाभाऊ आणि त्यांच्या पत्नी गिरिजाबाई. त्यांच्या टायगर मॉथपेक्षा खालच्या हमरस्त्यावरच्या बसगाड्या वेगाने जात, पण शब्दाला पक्के.

फेब्रुवारीतलं ऊन खिडकीतून टेबलापर्यंत आलं होतं. हेडफोनमध्ये ढिल्लोंसाहेबांनी आधी ही स्पर्धा नसल्याचं सांगितलं, आणि मग म्हणाले,

"एक छोटा सा चेंज है जी. पिंजौरमें आज हवा उलटी है. लोडेड डकोटा वहाँ से उठेगा तो सीधा आम के बाग में जाएगा. तो आज सरसावा से उडेंगे, पिंजौर उतरेंगे. नक्शा वही है, बस उलटा पढना है. लेफ्ट का राईट, राईट का लेफ्ट. नेव्हिगेटर साहिबान को क्या मुश्किल है."

"आमच्या नॅव्हिगेटरला आहे," राजाभाऊंचा आवाज आला. "ती गाडी शिकताना अजून डावं-उजवं विचारते."

"मग तुम्ही आज पिंजौरला चालत या," गिरिजाबाई म्हणाल्या. सगळे हसले.

शुभदाबाई हसल्या नाहीत. त्या मांडीवरच्या नकाशावर बोट फिरवत होत्या, आणि बोटाखाली कागद होता एवढंच त्यांना कळत होतं.

पाढा येतो म्हणजे पुढून येतो. कोणी म्हणालं शेवटाकडून म्हणा, तर जीभ अडते. पण त्या भूगोलाच्या शिक्षिका होत्या. त्यांनी पटकन दिशा उलटी केली, एकशे एक्कावन्नाचे तीनशे एकतीस अंश, आणि ते बरोबर आल्यावर त्यांना धीर आला.

"वेळ, नॅव्हिगेटर?"

"आधी धरली होती तीच."

आज वारा वेगळा होता. वेळ बदलायला हवी होती. विश्वनाथराव नुसतं म्हणाले, "ठीक." हाच माणूस लग्नपत्रिकेत मुहूर्ताचा सूर्योदयाशी मेळ बसत नाही म्हणून यजमानाला फोन करत असे.

डकोटा धावली, शेपूट उचललं, टेबलावरचे चमचे थरथरले कारण स्पीकर मोठा होता, आणि चाकं सुटली.

"बोला, नॅव्हिगेटर."

"तीनशे एकतीस. आधी यमुना."

"तीनशे एकतीस. आली यमुना. पाणी आहे बरं का, पांढरी वाळू आणि मध्ये निळं. ओलांडली."

"आता यमुनानगरची धुराडी," शुभदाबाई म्हणाल्या, आणि जीभ आपल्या पाढ्याच्या वाटेने गेली. "उजव्या हाताला धरा."

"उजव्या?"

"उजव्या, कॅप्टन."

"उजव्या हाताला धरतो." टीव्हीचा उजेड त्यांच्या नजरेच्या कडेला जरा कलला आणि पुन्हा सरळ झाला. "धरली. धूर दिसतोय. उजव्या हाताला."

"आता सरळ. साढौरा येईल. डाव्या हाताला."

काहीतरी खुपत होतं. विश्वनाथरावांचा आवाज आला, नेहमीसारखा मोठा आणि स्वच्छ, "आला. डाव्या हाताला साढौरा. पाण्याची टाकी, बाजार, सगळं दिसतंय."

शुभदाबाईंनी मनातल्या मनात फळा घेतला. खडू घेतला. खाली यमुना, वर घग्गर, उजवीकडे डोंगरांची रांग. जाताना जे उजवं ते येताना डावं. त्यांनी दोन्ही नावं न फिरवताच सांगितली होती. धुराडी उजवीकडे ठेवायची म्हणजे विमान शहराच्या पलीकडून, मैदानाच्या बाजूने जायला हवं. आणि त्यानंतर साढौरा डावीकडे दिसायचा म्हणजे डोंगराच्या बाजूला जायला हवं. मध्ये एक मोठं वळण लागणार. पण वळण झालंच नव्हतं. इंजिनांचा आवाज एका सुरात होता, उजेड कललेला नव्हता. सरळ जाणाऱ्या विमानातून साढौरा डाव्या हाताला दिसणं शक्य नव्हतं.

तरी दिसला म्हणाले. टाकीसकट.

चूक झाली असेल, त्यांना वाटलं. मग वाटलं, ह्यांची? हा माणूस दूधवाल्याशी हवेच्या दाबावरून वाद घालतो.

त्यांनी नकाशावरचं बोट उचललं. आणि वर्गात एखादा मुलगा पुस्तक न उघडताच मान हलवतोय का हे बघायला त्या जे करत, ते त्यांनी केलं.

"पुढे मार्कंडा," त्या म्हणाल्या. "त्यावर रेल्वेचा पूल आहे."

चित्राने असा पूल कधी वाचला नव्हता. त्या वाटेवर मार्कंडाच्या आसपास रेल्वेच नव्हती.

हेडफोनमध्ये राजाभाऊ गिरिजाबाईंना विचारत होते की हा कालवा की रस्ता, आणि गिरिजाबाई सांगत होत्या की उतरून हात लावून बघा.

"पूल आला," विश्वनाथराव म्हणाले.

"लाल विटांचा आहे का?"

"लाल विटांचा."

"कमानी किती?"

ते थांबले. डोळ्यांसमोर नसलेल्या पुलाच्या कमानी मोजायला माणसाला जेवढा वेळ लागेल तेवढा.

"तीन," ते म्हणाले. "सुरेख पूल आहे."

'सुरेख' हा शब्द विश्वनाथरावांनी आजवर फक्त विमानाच्या उतरण्याला वापरला होता. स्वतःच्या लग्नातल्या फोटोंनाही 'बरे आलेत' म्हणाले होते.

शुभदाबाईंना तिसऱ्या रविवारपासूनची सगळी बडबड आठवली. नदी आली, कालवा आला, आता टाकीवरून जातोय. माणूस बदलला नव्हता. तो आंधळ्याला रस्ता ओलांडून देत होता.

"बोला, नॅव्हिगेटर."

त्यांनी नकाशाची एक घडी घातली, मग दुसरी. कडा नीट जुळवल्या, कारण कडा त्यांना दिसत होत्या.

"बोला ना," विश्वनाथराव पुन्हा म्हणाले, जरा हळू.

"इथे मार्कंडावर रेल्वे नाही."

डकोटा कोणाच्या तरी शेतांवरून चालली होती.

"नाही," विश्वनाथराव म्हणाले.

"साढौराही दिसला नाही."

"नाही. धुराडी मात्र खरीच उजव्या हाताला होती. तू म्हणालीस तशी धरली. तिथून पुढे आपण कुठे आलोय ते मला ठाऊक नाही, शुभा."

"कधी कळलं?"

विश्वनाथरावांचा जॉयस्टिकवरचा हात तसाच होता.

"तिसऱ्या रविवारी तू नकाशा उलटा धरला होतास. अक्षरं सगळी खाली डोकं वर पाय. आणि सबंध वाटेत एक चूक नाही. मी सर्व्हिसमध्ये बरेच नॅव्हिगेटर पाहिले, पण उलट्या नकाशावरून सुलट वाट सांगणारा एकही नाही."

त्यांना बहुतेक हसवायचं होतं. ते जमलं नाही हे त्यांचं त्यांनाच कळलं आणि ते भराभर पुढे बोलत गेले.

"आणि दोन बायकांची भिशी मी जन्मात ऐकली नव्हती. मग मी चित्राला गाठलं. तिने काही सांगितलं नाही, रोग्याचं बोलता येत नाही म्हणाली, तेव्हाच काय ते समजलं. मीही वाट पाठ करायला लागलो. सकाळी फिरायला जातो ना, तेव्हा बागेतल्या बाकावर बसून. म्हटलं तू कुठे अडलीस, तर मला माहीत असावं. तू अडली नाहीस कधी. आज ढिल्लोंने घोळ केला."

"आज तुम्हाला बरोबर वाट येत होती."

"येत होती."

"मग माझ्या चुकीच्या वाटेने का गेलात?"

"तू सांगितलीस म्हणून."

शुभदाबाईंनी घडी घातलेला नकाशा टेबलावर ठेवला. दोघांच्या मध्ये, जिथे एरवी मिठाची डबी असते तिथे. पुष्कळ वर्षांपूर्वी त्या टेबलावर एक टोपी अशीच ठेवली गेली होती. टेबल तेच होतं. बदल्यांत त्याचा एक पाय आखूड झाला होता.

"मान डोलावलीत माझ्यापुढे," त्या म्हणाल्या.

विश्वनाथरावांच्या हातातून जॉयस्टिक सुटली असावी, कारण डकोटाने नाक खाली घातलं आणि वाऱ्याचा आवाज वाढला. त्यांनी ती सावरली. वैमानिकाचे हात स्वतःहून सावरतात, त्यात माणसाचं लक्ष लागत नाही.

"अगं तसं नव्हतं ते," ते म्हणाले. "मला ती खुर्ची रिकामी बघवली नसती. तू उठली असतीस."

"उठले असते."

"म्हणूनच."

"मग इतके रविवार तुम्ही कोणाबरोबर उडत होता?"

ह्याला उत्तर असेल, पण ज्या माणसाने सगळ्या संसारात मनातलं एकदाच बोलून पाहिलं, त्याला ते घाईत सापडलं नाही. तेवढ्यात हेडफोनमधून ढिल्लोंसाहेब आले.

"डकोटा सेव्हन, किधर हो जी? बाकी सब डकोटा उतर गये. आपका टाईम तो कब का निकल गया."

विश्वनाथरावांनी बायकोकडे पाहिलं. मग बटण दाबून, लेहच्या ढगांतही जे कधी म्हणायची वेळ आली नव्हती, ते इंग्रजीतून म्हणाले. आम्ही कुठे आहोत ते आम्हाला माहीत नाही.

पलीकडे एकच हशा झाला. तो मोकळा, प्रेमाचा हशा होता. इतक्या रविवारांत देवस्थळींना हरवलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

"ओ जी, पार्टी पक्की," ढिल्लोंसाहेब म्हणाले.

"वहिनी," राजाभाऊ ओरडले, "भटुरे चांगले टम्म फुगलेले हवेत. आणि मला वाट सांगू नका, मी येतो विचारत विचारत."

"करते, हां," शुभदाबाई हेडफोनमध्ये म्हणाल्या. "या सगळे." आवाज अगदी नेहमीचा होता. शिक्षिकेचा आवाज सहजासहजी हलत नाही. मग त्यांनी हेडफोन काढून नकाशाशेजारी ठेवला.

विश्वनाथरावांनी विमान खाली आणलं. विमानतळ नव्हता, धावपट्टी नव्हती. एका सपाट शेतात त्यांनी डकोटा अशी टेकवली की चमचा हलला नाही. असं उतरणं पाहून ते एरवी एक शब्द म्हणाले असते. आज म्हणाले नाहीत. एक इंजिन बंद केलं, मग दुसरं. एकदम शांत झाल्यावर फ्रिजचा आवाज ऐकू यायला लागला.

"बाहेर काय आहे?" शुभदाबाईंनी विचारलं. "खरं सांगा."

"शेत."

"कसलं?"

"हिरवं." त्यांनी नीट बघितल्यासारखं केलं. "कॉम्प्युटरचं शेत आहे गं. काय पेरलंय ते त्यालाही माहीत नसणार."

"माणसं?"

"नाहीत. ह्याच्यात माणसं नसतात."

ऊन टेबलावरून सरकून फरशीवर गेलं होतं. विश्वनाथराव काहीतरी बोलायला तोंड उघडतील असं वाटून शुभदाबाई थांबल्या. 'बोला' म्हणतील, असं त्यांना उगीच वाटत होतं. नियम तसा नव्हता. विमान जमिनीवर होतं.

"अगं," विश्वनाथराव म्हणाले.

शुभदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. दोन कान होते. पांढरे केस होते. मध्ये काही नव्हतं. त्या पाठ असलेल्या चेहऱ्याला त्या जागी बसवून बघत होत्या, पण पाठ असलेला चेहरा ह्या क्षणाचा नव्हता. हा कसा दिसत असेल ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्या दुपारी टोपी ठेवून विश्वनाथराव बोलले तेव्हाही ते त्यांच्याकडे पाठ करून उभे होते.

मग त्यांनी मान हळूहळू वळवली, विश्वनाथरावांवरून खिडकीकडे. खिडकीतला जांभळ्या पडद्याचा काठ, बाहेरची शेजाऱ्यांची स्कूटर. आणि नजरेच्या कडेला, धूसर पण पुरता, विश्वनाथरावांचा चेहरा आला. ओठ आत ओढलेले. हनुवटी हलत होती. गालावरून ओलं खाली आलं होतं आणि ते पुसायचं राहून गेलं होतं.

"तोंड नको ना फिरवूस," विश्वनाथराव म्हणाले. "रागाव, पण इकडे बघ. शुभा, इकडे बघ ना."

त्यांनी दोनदा-तीनदा तसं म्हटलं. शुभदाबाई खिडकीकडेच बघत राहिल्या. इकडे बघितलं असतं तर ते दिसले नसते.